छोट्या हवाबंद घरासाठी हीट रिकव्हरी व्हेंटिलेशन: यंत्र सगळ्यात शेवटी निवडा

बारा चौरस मीटरची झोपायची खोली, अडीच मीटरवर छत, दार-खिडक्या घट्ट बंद आणि आत दोन माणसं. खोलीत हवा आहे ३० घनमीटर. झोपलेला प्रौढ माणूस तासाला साधारण १२ ते १३ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो, म्हणजे दोघांचा मिळून २५ लिटर. बाहेरच्या हवेत हा वायू ४२० पीपीएमच्या, म्हणजे हवेच्या दर दहा लाख भागांत ४२० भागांच्या, आसपास असतो. खोली खरोखरच हवाबंद असेल तर दर तासाला त्यात ८०० पीपीएमहून जास्त भर पडते. पहिल्याच तासात आकडा १२०० च्या पुढे जातो आणि पहाटेपर्यंत कित्येक हजारांवर. सकाळी जड झालेलं डोकं, काचांवर ओघळलेलं पाणी आणि कपाटामागच्या भिंतीवर धरलेली बुरशी ही सगळी अशा कोंडलेल्या हवेची फळं.

म्युनिकचे आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फॉन पेटेनकोफर यांनी १८५८ साली राहत्या खोलीसाठी १००० पीपीएमची मर्यादा सुचवली. एवढ्या प्रमाणात हा वायू विषारी असतो असं त्यांना म्हणायचं नव्हतं. माणसाच्या शरीरातून हवेत जे जे मिसळतं त्या सगळ्याचा माग या एका वायूवरून काढता येतो, हा त्यांचा मुद्दा होता. आजही घरातली हवा तपासायला याच्याइतकी सोपी खूण नाही. कार्बन डायऑक्साइडचा मीटर घ्या, आठवडाभर झोपायच्या खोलीत ठेवा, आणि मगच पुढचं वाचा.

जुन्या घरात हा प्रश्न फारसा जाणवत नसे, कारण फटींमधून हवा आपोआप खेळायची. वारा सुटला की जास्त, पडला की जवळजवळ नाही. फटी बुजवल्या की ऊब टिकते आणि हवा कोंडते. खिडकी उघडली की हवा मिळते आणि ऊब जाते. हीट रिकव्हरी व्हेंटिलेशन, म्हणजे एचआरव्ही, यातून वाट काढतं. यात दोन पंखे असतात. एक वापरलेली हवा बाहेर काढतो, दुसरा तेवढीच ताजी हवा आत घेतो. दोन्ही प्रवाह यंत्राच्या गाभ्यातल्या, म्हणजे कोअरमधल्या, पातळ पत्र्यांच्या किंवा प्लास्टिकच्या पडद्यांच्या दोन बाजूंनी जातात. हवा एकमेकींत मिसळत नाही, उष्णता मात्र या बाजूची त्या बाजूला जाते.

कल्पना नवी नाही. कॅनडातल्या रेजायना शहरात १९७७ साली उभारलेल्या सस्कॅचेवान कन्झर्वेशन हाऊसमध्ये अशी सोय होती, आणि जर्मनीतल्या डार्मश्टाट-क्रानिखश्टाइन इथल्या पहिल्या पॅसिव्ह हाऊसमध्ये, म्हणजे अगदी कमी ऊर्जेत उबदार राहणाऱ्या घरात, लोक १९९१ मध्ये राहायला आले तेव्हा हीच व्यवस्था त्या घराचा कणा होती.

बहुतेक जण सुरुवात कंपन्यांच्या माहितीपत्रकांपासून करतात. ९० टक्के कार्यक्षमता की ९३, यावर रात्र रात्र घालवतात. छोट्या घरात या फरकाला फारसा अर्थ नसतो. ताशी ५०-६० घनमीटर हवा नेमकी हव्या त्या खोलीत, आवाज न करता पोचते का, यावरच सगळं अवलंबून असतं. म्हणून या लेखात यंत्राची निवड जवळजवळ शेवटी येते.

पायरी १: घर किती हवाबंद आहे ते मोजून घ्या

याची चाचणी ठरलेली आहे: ब्लोअर डोअर टेस्ट. मुख्य दारात पंखा बसवलेली चौकट लावतात, घरात आणि बाहेर ५० पास्कलचा दाबफरक तयार करतात आणि तो टिकवायला किती हवा लागते ते मोजतात. घरातली सगळी हवा तासात किती वेळा बदलली, हा त्याचा निकाल. पॅसिव्ह हाऊसची मर्यादा ०.६ आहे. माझ्या मते आकडा ३ च्या खाली असेल तर एचआरव्ही बसवण्यात अर्थ आहे. ५ च्या वर असेल तर आधी फटी बुजवा. एवढ्या फटींतून हवा कोअरला वळसा घालूनच जाणार, आणि कोअरमध्ये न आलेल्या हवेची उष्णता कोणतंही यंत्र वाचवू शकत नाही.

छोट्या घरवाल्यांनी इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. घर लहान असलं की आतल्या हवेच्या मानाने भिंती-छताचं क्षेत्रफळ जास्त भरतं. त्यामुळे तेवढ्याच काळजीने काम करूनही लहान घराचा आकडा मोठ्या घरापेक्षा वाईट दिसतो. शेजारच्या बंगल्याचा निकाल १ आला आणि तुमचा २, तर लगेच मिस्त्रीला धारेवर धरू नका.

चाचणी चालू असतानाच घरभर फिरून खिडक्यांच्या चौकटी, विजेच्या पेट्या, नळांची भोकं यांवरून हात फिरवा. हवेची झुळूक बोटांना थेट कळते. ते काम त्याच दिवशी उरकलं तर दुसरी चाचणी वाचते.

पायरी २: किती हवा लागते याचा हिशोब

उदाहरणादाखल एक घर घेऊ. ४५ चौरस मीटर, एक झोपायची खोली, एक बैठकीची खोली, तिथेच स्वयंपाकाचा ओटा, आणि एक न्हाणीघर. राहणारी माणसं दोन.

हिशोब तीन बाजूंनी करता येतो. पहिला माणसांवरून: प्रत्येकी ताशी ३० घनमीटर, म्हणजे ६०. दुसरा ॲशरे या अमेरिकेतल्या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेच्या ६२.२ या मानकावरून: दर चौरस मीटरला सेकंदाला ०.१५ लिटर, अधिक झोपायच्या खोल्यांच्या संख्येत एक मिळवून प्रत्येकी ३.५ लिटर. आपल्या घराला हे सेकंदाला १३.७५ लिटर येतं, म्हणजे ताशी साधारण ५० घनमीटर. तिसरा घराच्या आकारमानावरून: ताशी किमान ०.३ वेळा हवा बदलायची तर ३४ घनमीटर. मोठ्या घरात हे तीन आकडे जवळपास येतात, लहान घरात माणसांचा आकडा बाकीच्यांना मागे टाकतो. तोच धरायचा. रोजची पातळी ६०.

आता दुसरी बाजू. अंघोळ आणि स्वयंपाकाच्या वेळी ओली, वासाची हवा जोराने ओढावी लागते. इंग्लंडच्या बांधकाम नियमांत सतत चालणाऱ्या यंत्रणेसाठी वरची पातळी स्वयंपाकघराला सेकंदाला १३ लिटर आणि न्हाणीघराला ८ लिटर अशी आहे. दोन्ही मिळून ताशी ७६ घनमीटर. म्हणजे जोराची पातळी ८० हवी. घरी कुणी नसताना ३० पुरे.

तीन आकडे कागदावर लिहून ठेवा: ३०, ६०, ८०. पुढचं सगळं यांच्यावर बेतायचं आहे. यांपैकी ३० हा आकडा सगळ्यांत अवघड, कारण बाजारातली बरीच यंत्रं मोठ्या घरांसाठी बनवलेली असतात आणि इतक्या हळू चालतच नाहीत.

पायरी ३: हवेची वाट आखा

घराचा नकाशा काढा आणि त्यावर बाण काढा. ताजी हवा कोरड्या खोल्यांत सोडायची, वापरलेली हवा ओल्या खोल्यांतून ओढायची, आणि मधल्या जागेतून ती आपोआप वाहत जाईल अशी वाट मोकळी ठेवायची. एवढं सगळेच सांगतात. छोट्या घराची गंमत यापुढे आहे.

आपल्याकडे ताशी ६० घनमीटर हवा आहे. रिवाजाप्रमाणे तिची समान वाटणी केली, ३० झोपायच्या खोलीला आणि ३० बैठकीच्या खोलीला, तर रात्री दार लावून झोपलेल्या दोघांच्या वाट्याला फक्त ३० येतात. त्यांचे २५ लिटर या ३० घनमीटरमध्ये विरघळून खोलीतला आकडा १२५० पीपीएमवर जाऊन स्थिरावतो. तीच सगळी ६० घनमीटर हवा झोपायच्या खोलीत सोडली तर आकडा ८४० च्या आसपास राहतो. बैठकीच्या खोलीला वेगळी ताजी हवा लागतच नाही. झोपायच्या खोलीतून निघालेली हवा तिथूनच ओट्याकडे आणि न्हाणीघराकडे जाणार आहे, आणि दिवसा झोपायच्या खोलीत कुणी नसल्यामुळे ती हवा जवळजवळ ताजीच असते. एकच हवा दोन खोल्यांच्या कामी येते, एक नळी वाचते आणि यंत्रही लहान चालतं.

ही युक्ती चालायची तर दाराखालची फट नीट हवी. इंग्लंडच्या नियमांत ७६० मिलिमीटर रुंदीच्या दाराखाली १० मिलिमीटर फट सांगितली आहे, म्हणजे ७६ चौरस सेंटिमीटर. एवढ्याशा फटीतून ताशी ६० घनमीटर हवा काढली तर तिचा वेग सेकंदाला २ मीटरच्या वर जातो, खोलीत दाब साठतो आणि दार शिट्टी वाजवू लागतं. फट २० मिलिमीटर ठेवा. उजेड आणि आवाज आत येतो म्हणून ती नको असेल, तर चौकटीच्या वर आवाज शोषणारी आरपार जाळी बसवून घ्या. पुढे कुणी गालिचा किंवा नवी फरशी टाकली की ही फट हमखास बुजते, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवलेलं बरं.

ताजी हवा सोडणारी जाळी खिडकीजवळच हवी असा समज आहे. तसं काही नाही. आतल्या भिंतीत, दाराच्या वर, छतापासून थोडं खाली बसवलेली जाळी हवेचा झोत छताला चिकटवून पलीकडच्या भिंतीपर्यंत नेते. नळी कमी लागते आणि अंगावर वारा येत नाही. फक्त जाळी लांब फेकीची असावी, आणि झोताच्या वाटेत लटकता दिवा किंवा छतापर्यंतचं कपाट नसावं.

ओट्यावरची हवा ओढणारी जाळी शेगडीपासून दीड-दोन मीटर लांब ठेवा आणि तिला तेलकटपणा अडवणारी धुता येणारी जाळी लावा. शेगडीवरचा हूड एचआरव्हीला कधीही जोडू नका. तेलाचे कण कोअरमध्ये जाऊन बसले की कोअर गेला म्हणून समजा.

पायरी ४: नळ्यांची व्यवस्था की भिंतीतलं यंत्र?

नव्या घरात, किंवा छत उघडून काम करायची तयारी असेल तर, नळ्यांची मध्यवर्ती व्यवस्था करा. यंत्र एका जागी, आवाज लांब, फिल्टर एकच जोडी.

राहत्या घरात तोडफोड नको असेल तेव्हा भिंतीत आरपार भोक पाडून बसवायच्या यंत्रांकडे लोक वळतात. त्यांतला खूप खपणारा प्रकार म्हणजे आळीपाळीने उलटसुलट चालणारा पंखा. नळीत सिरॅमिकचा जाळीदार ठोकळा असतो. साधारण ७० सेकंद पंखा आतली हवा बाहेर फेकतो, ठोकळा तापतो. मग पंखा उलटा फिरतो, बाहेरची हवा तापलेल्या ठोकळ्यातून आत येते. अशी यंत्रं जोडीनेच बसवावी लागतात, एक फेकत असताना दुसरं ओढतं.

यांच्या माहितीपत्रकातला आकडा वाचताना सावध राहा. ताशी ३० घनमीटर लिहिलं असेल तर तो एका दिशेचा प्रवाह असतो, आणि त्या दिशेने पंखा निम्माच वेळ चालतो. म्हणजे त्या यंत्रातून आत येणारी ताजी हवा सरासरीने १५ घनमीटर. आपल्या घराची ६० ची गरज भागवायला अशी चार यंत्रं लागतील, दोन नव्हेत. शिवाय हे पंखे अगदी हलक्या दाबावर चालतात, समोरून जोराचा वारा आला की गोंधळतात. न्हाणीघरात तर ते बसवूच नयेत, कारण ठोकळ्यावर साठलेली ओल पुढच्या फेरीत परत आत येते. झोपायच्या खोलीत बसवायचं असेल तर आधी कुठेतरी चालू यंत्राशेजारी रात्रीच्या शांततेत दहा मिनिटं बसून बघा. दर ७० सेकंदांनी बदलणारा आवाज काहींना ऐकूही येत नाही, काहींना झोपू देत नाही.

भिंतीतल्या यंत्रांत दुसरा प्रकार आहे: एकाच डब्यात दोन पंखे आणि छोटा कोअर, दोन्ही प्रवाह एकाच वेळी चालू. एका खोलीचं घर असेल तर तो मला जास्त भरवशाचा वाटतो.

पायरी ५: एचआरव्ही की ईआरव्ही

एचआरव्हीचा कोअर फक्त उष्णता परत देतो. ईआरव्हीच्या, म्हणजे एनर्जी रिकव्हरी व्हेंटिलेशनच्या, कोअरचा पडदा उष्णतेबरोबर पाण्याची वाफही काही प्रमाणात पलीकडे जाऊ देतो. कोणता घ्यायचा हे सवयीवर किंवा विक्रेत्यावर सोडू नका, ओलाव्याचा हिशोब करा.

श्वास, घाम, अंघोळ, स्वयंपाक, वाळत घातलेले कपडे धरून दोन माणसांच्या घरात दिवसाला साधारण साडेचार लिटर पाणी हवेत जातं असं धरू. ताशी ६० घनमीटर हवेत वाटलं तर दर घनमीटरला ३ ग्रॅमची भर पडते. बाहेर ०° सेल्सिअस असेल तेव्हा तिथल्या हवेत घनमीटरला ४ ग्रॅमच्या आसपास वाफ असते. आत ती ७ ग्रॅम होते आणि २०° तापमानाला आर्द्रता ४० टक्के भरते. उत्तम. बाहेर उणे १०° असेल तर बाहेरच्या हवेत दोन ग्रॅमही वाफ नसते, आतली आर्द्रता ३० टक्क्यांच्या खाली जाते, ओठ फुटतात आणि लाकडी सामानाला चिरा पडतात.

तेव्हा हिवाळा सौम्य आणि ओलसर असेल, माणसं दाटीने राहत असतील, कपडे घरातच वाळत असतील तर एचआरव्ही. हिवाळा कडक आणि कोरडा असेल तर ईआरव्ही. उन्हाळा दमट आणि घरात एसी असेल तरीही ईआरव्हीच, कारण बाहेरची वाफ आत येताना तिच्यातली बरीचशी बाहेर जाणाऱ्या कोरड्या हवेकडे वळवली जाते. पण ईआरव्ही म्हणजे हवा कोरडी करणारं यंत्र नव्हे. बाहेर दमट असेल तर ते आत थोडं कमी दमट आणेल, एवढंच. उरलेलं पाणी एसीला किंवा डीह्युमिडिफायरलाच काढावं लागतं.

पायरी ६: यंत्राची जागा आणि चार नळ्या

यंत्राला चार नळ्या लागतात: बाहेरची ताजी हवा यंत्रापर्यंत, यंत्रातून खोलीत, खोलीतली वापरलेली हवा यंत्रापर्यंत आणि यंत्रातून बाहेर. यंत्र घराच्या उबदार भागात, बाहेरच्या भिंतीला लागून बसवा. म्हणजे बाहेरच्या तापमानाच्या दोन नळ्या जेमतेम एक-दीड मीटरच्या राहतात. या दोन नळ्या घरातून जातात तेव्हा हिवाळ्यात त्यांच्यावर दव साचतं. आतली हवा २०° आणि आर्द्रता ५० टक्के असेल तर ९° च्या आसपास थंड असलेल्या कोणत्याही पृष्ठभागावर पाणी धरतं. म्हणून त्यांवर वाफ आत न शिरणारं फोम रबराचं आवरण सलग चढवा आणि प्रत्येक सांधा चिकटवा. आवरणाला राहिलेली बोटभर फटसुद्धा पुढे छतावर डाग बनून दिसते.

नळीचा व्यास आवाज ठरवतो. जोराच्या पातळीला ताशी ८० घनमीटर हवा १०० मिलिमीटरच्या नळीतून सेकंदाला २.८ मीटर वेगाने जाते, १२५ मिलिमीटरच्या नळीतून १.८ मीटर वेगाने. मुख्य नळ्या १२५ च्याच घ्या. छोट्या घरात नळीची एकूण लांबी इतकी कमी असते की खर्चातला फरक फारसा जाणवत नाही. वळणं कमी, आणि आवळून बसवलेली सुरकुतलेली लवचीक नळी कुठेही नको. यंत्राच्या घराकडच्या दोन्ही तोंडांना सायलेन्सर, म्हणजे आवाज शोषणारे नळीचे तुकडे, हवेतच. लहान घरात यंत्र आणि उशी यांच्यातलं अंतर तीन-चार मीटरच असतं. झोपायच्या खोलीत आवाज २५ डेसिबलच्या वर जाता कामा नये. तो गेला तर लोक यंत्र बंद करतात, आणि बंद यंत्राची कार्यक्षमता काय असते हे सांगायला नको.

बाहेरच्या भिंतीवर हवा घेण्याचं तोंड आणि सोडण्याचं तोंड यांत दोन-तीन मीटर अंतर ठेवा. घेण्याचं तोंड कचऱ्याचे डबे, वाहनं, बॉयलरची चिमणी यांपासून लांब. त्यावर डासांची बारीक जाळी लावायचा मोह आवरा, ती महिन्याभरात पिसं आणि धुळीने बुजते. थोडी मोठी जाळी पुरते, बारीक काम फिल्टर करतो.

कोअरमध्ये ओल्या हवेतलं पाणी सुटतं, त्याला निचरा लागतो. नळी उताराची, गोठणार नाही अशा जागेतून नेलेली, आणि सांडपाण्याच्या नळीला जोडण्याआधी पाण्याचा ट्रॅप, म्हणजे पाणी साठून वास अडवणारं वळण, असलेली. उन्हाळ्यात हा ट्रॅप सुकला की यंत्र गटाराचा वास घरात ओढतं. सुकला तरी बंद राहणारा ट्रॅप मिळतो, तो घ्या.

पायरी ७: आता यंत्र निवडा

कार्यक्षमतेचा वाद इथे आकड्यांनी मिटवून टाकू. एक घनमीटर हवा एक अंश तापवायला ०.३३ वॉट-तास लागतात. ताशी ६० घनमीटर आणि आत-बाहेर २० अंशांचा फरक असेल तर खिडकीतून जाणारी उष्णता ३९६ वॉट. ८० टक्क्यांचं यंत्र त्यातली ३१७ वॉट वाचवतं, ९० टक्क्यांचं ३५६. फरक ४० वॉटचा, एका जुन्या बल्बाएवढा. तेवढ्यासाठी किंमत खूप वाढत असेल तर तो पैसा सायलेन्सर आणि जाड नळ्यांवर घाला.

पॅसिव्ह हाऊसच्या अटी मोजमापाला चांगल्या आहेत: उष्णतेची परतफेड किमान ७५ टक्के आणि विजेचा खर्च घनमीटरला ०.४५ वॉट-तासापेक्षा कमी. आपल्या घराला म्हणजे २७ वॉट. मग विक्रेत्याला पुढचे प्रश्न विचारा. ही कार्यक्षमता ताशी किती घनमीटरला मोजली आहे? ३० वर यंत्र स्थिर चालतं का? फिल्टर मळल्यावर पंखा आपोआप वेग वाढवून प्रवाह कायम ठेवतो का? ६० वर आवाज किती? ८० हा आकडा यंत्राच्या कमाल क्षमतेच्या साधारण ७० टक्क्यांवर यावा. दम लागेपर्यंत पळवलेलं यंत्र गोंगाट करतं.

उन्हाळ्याच्या रात्री थंड हवा तशीच आत यावी म्हणून बायपास हवा, म्हणजे प्रवाह कोअरला वळसा घालून जातो. त्यातून एसीची अपेक्षा मात्र धरू नका. बाहेर ५ अंशांनी थंड असेल तरी ताशी ६० घनमीटर हवेने १०० वॉटच गारवा मिळतो.

कडक थंडीत बाहेर जाणाऱ्या हवेतलं पाणी कोअरमध्येच गोठतं. यावर यंत्रं तीन उपाय करतात: येणारी हवा आधी थोडी तापवणं, काही वेळ घरातलीच हवा फिरवणं, किंवा हवा आत घेणारा पंखा थांबवणं. तिसरा सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत वाईट. तेवढा वेळ घरात दाब कमी होतो आणि हवाबंद घर मिळेल तिथून हवा ओढतं. घरात लाकडाची शेगडी किंवा चिमणीवर चालणारं उपकरण असेल तर त्याचा धूर उलटा आत येऊ शकतो. अशा घरात हा प्रकार घेऊच नका, शेगडीला बाहेरून स्वतंत्र हवा द्या आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. घरातली हवा बाहेर फेकणारा मोठा हूड किंवा कपड्यांचा ड्रायर यांनाही हेच लागू.

पायरी ८: तोल साधा, कचऱ्याच्या पिशवीने

यंत्र बसवणारा माणूस मोजमापाचा कागद न देता पैसे मागत असेल तर देऊ नका. प्रत्येक जाळीतून किती हवा येते-जाते याचे आकडे त्याने मोजून लिहून द्यायला हवेत, आणि आत येणारी व बाहेर जाणारी एकूण हवा यांत १० टक्क्यांपेक्षा जास्त तफावत नको.

पडताळा तुम्ही स्वतः घेऊ शकता. १०० लिटरची कचऱ्याची मोठी पातळ पिशवी घ्या. तिच्या तोंडाला जाड तारेचं कडं चिकटवा, जाळीपेक्षा थोडं मोठं. पिशवीतली हवा पूर्ण पिळून काढा, कडं ताज्या हवेच्या जाळीभोवती भिंतीला दाबून धरा आणि पिशवी ताठ फुगेपर्यंतचे सेकंद मोजा. १२ सेकंद लागले तर प्रवाह ताशी ३० घनमीटर, ६ सेकंद लागले तर ६०. हवा ओढणाऱ्या जाळीसाठी उलटं करा: पिशवी आधी फुगवून घ्या आणि रिकामी व्हायला किती वेळ लागतो ते बघा. पिशवीवर छापलेलं माप तंतोतंत नसतं, त्यामुळे आकडा थोडा इकडेतिकडे होईल. पण सगळीकडे तीच पिशवी वापरली की येणाऱ्या-जाणाऱ्या हवेची तुलना बरोबर येते, आणि तोल बघायला तेवढं पुरतं. प्रत्येक जाळीवर तीनदा मोजा, सरासरी घ्या. मोजताना खिडक्या बंद, दारं बंद, यंत्र रोजच्या पातळीवर.

मग तापमान. एकाच थर्मामीटरने तीन जागा मोजा: बाहेरची हवा, वापरलेली हवा ओढणारी जाळी आणि ताजी हवा सोडणारी जाळी. समजा बाहेर २°, ओढली जाणारी हवा २१°, येणारी १८°. येणाऱ्या हवेने मिळवले १६ अंश, मिळवण्यासारखे होते १९. कार्यक्षमता ८४ टक्के. आकडा छापील दाव्यापेक्षा फारच जास्त आला तर खूश होऊ नका. येणारी हवा जाणाऱ्या हवेपेक्षा कमी असली की असं होतं. परत पिशवी काढा.

शेवटी तो पहिल्या दिवशीचा कार्बन डायऑक्साइडचा मीटर पुन्हा झोपायच्या खोलीत ठेवा. दार लावून झोपल्यावर रात्रभर आकडा १००० च्या आत राहिला तर काम झालं. राहिला नाही तर यंत्राचा वेग वाढवण्याआधी दाराखालची फट आणि जाळी तपासा.

रोजची राखण

यंत्र चोवीस तास चालू ठेवायचं. पाहुणे आले की जोराची पातळी, गावाला जाताना ३०. कडाक्याच्या थंडीत हवा फार कोरडी वाटली तर दिवसा ४० पर्यंत उतरवा.

फिल्टर दर तीन महिन्यांनी उघडून बघा, सहा महिन्यांनी बदला. धुळीच्या रस्त्यालगत घर असेल तर आधीच. येणाऱ्या हवेला बारीक कण अडवणारा, जुन्या भाषेत एफ७, आणि जाणाऱ्या हवेला जाडाभरडा जी४ चालतो, त्याचं काम फक्त कोअर वाचवणं आहे. वर्षातून एकदा कोअर बाहेर काढा आणि उत्पादकाने सांगितलं असेल तसाच धुवा. ईआरव्हीचा प्रत्येक पडदा पाणी सोसत नाही. त्याच दिवशी निचऱ्याच्या नळीत तांब्याभर पाणी ओतून ते वाहून जातंय का बघा आणि बाहेरच्या तोंडावरची जाळी ब्रशने झाडा. जाळ्यांवरचं गोल बूच पुसताना फिरवू नका, तोल त्याच्यावरच बसवलेला असतो. पुसायला काढायचंच असेल तर आधी पेन्सिलची खूण करा.

घराचं बांधकाम किंवा पॉलिशचं काम चालू असताना यंत्र बंद ठेवा आणि नळ्यांची तोंडं झाकून घ्या, नाहीतर पहिल्या महिन्यातच नळ्यांत सिमेंटची भुकटी बसते. बाहेर आग लागून धूर पसरला असेल तेव्हाही यंत्र बंद करा. त्यासाठी बटण कुठे आहे ते घरातल्या सगळ्यांना माहीत हवं. ते माळ्यावरच्या डब्यामागे असेल तर आत्ताच इलेक्ट्रिशियनकडून खाली आणून घ्या.